आधी चिल्लर पाठ करा

दहाचं नाणं आमच्या भागात आजही सगळे घेत नाहीत. "ताई, हे चालत नाही, नोट द्या," म्हणून गिऱ्हाईक ते काउंटरवर परत सरकवतं. आणि तेच गिऱ्हाईक चार दिवसांनी मोबाइल पुढे धरून विचारतं, "तुमच्या गल्ल्यात वैष्णोदेवीवालं पाचचं नाणं आहे का? लाखांत जातं म्हणे." सरकारनं काढलेलं, दुकानात चालायलाच हवं असं नाणं खोटं, आणि पाच रुपयाच्या नाण्याला मात्र लाखांचा भाव! बहादरपुरात किराणा दुकान चालवताना दिवसभर चिल्लर माझ्या हातातून जाते, तरी या दोन्ही गोष्टींवर काय बोलावं ते मला सुचत नसे.

दहाच्या नाण्याचं कोडं आधी सुटलं, कारण ते कोडं नव्हतंच. कुणी म्हणायचं काठाजवळच्या रेघा दहा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं. कुणी म्हणायचं रुपयाचं नवं चिन्ह नसेल तर घेऊ नका. रुपयाचं चिन्हच मुळी २०१० मध्ये ठरलं, मग त्याआधीच्या नाण्यावर ते कुठून येणार? रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला जाहीर केलं होतं की तोवर दहाच्या नाण्याची १४ वेगवेगळी रूपं निघाली आहेत आणि सगळी चालू आहेत. मी तो कागद छापून काचेखाली लावला. लोक वाचतात, मान हलवतात आणि नोटच मागतात.

लाखांचं कोडं मात्र सुटेना. माझा पुतण्या बारावीत आहे. त्यानं एक दिवस गल्ला गोणपाटावर उपडा केला आणि फोनमधले फोटो बघून नाणी वेगळी काढायला लागला. "काकू, हे बघ, क्रॉसवालं! हे तर बंदच केलं सरकारनं, म्हणजे दुर्मीळच." दोन रुपयाचं ते पातळ, मोठं, स्टीलचं नाणं मलाही ठाऊक होतं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चार ठिपके. हा ख्रिस्ती क्रूस आहे अशी ओरड झाली आणि २००७ पासून त्या जागी नाचाच्या मुद्रेतला हात आला. गोष्ट खरी, पण त्या दिवशीच्या गल्ल्यात तसली नाणी मूठभर निघाली. मूठभर निघतं ते दुर्मीळ कसलं? पुतण्याचं म्हणणं, "बंद झालं ना पण!" चार आणेही ३० जून २०११ पासून बंद झाले, आमच्या माळ्यावर त्यांचा अख्खा डबा आहे आणि भंगारवाला तो वजनावर मागतो.

शेवटी सासूबाईंनी त्यांचा पितळी डबा काढून दिला आणि म्हणाल्या, "एवढंच डोकं खाताय तर बुऱ्हाणपुरात सराफ्यात जाऊन विचारा." आम्ही दोघं गेलो.

सराफ्यात एक वयस्कर काका आहेत. सोन्याचांदीचा धंदा मुलांवर सोपवून ते मागच्या खोलीत नाणी घेऊन बसतात. पुढ्यात एक छोटा वजनकाटा, एक भिंग, जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक आणि हिरव्या बनातीचा तुकडा. डबा उघडायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, "ताई, तुम्ही दुकानवाल्या. सांगा, रुपयाच्या नाण्यावर साल कुठे असतं आणि सालाखाली काय असतं?"

साल मी सांगितलं. सालाखाली काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं नाणी मोजतेय, पण मोजताना बघतं कोण!

त्यांनी भिंग दिलं. सालाच्या आकड्यांखाली, डाळीच्या दाण्याहून लहान, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण होती. ती मुंबईची. दुसऱ्या नाण्यावर पाच टोकांची चांदणी होती, ती हैदराबादची. तिसऱ्यावर नुसता ठिपका, तो नोएडाचा. ही टांकसाळ १९८८ ची, सगळ्यांत अलीकडची. चौथ्यावर काहीच नव्हतं. पुतण्या उडालाच, "काका, ह्यावर खूण विसरले! एरर कॉइन!" काका हसले नाहीत. हा प्रश्न त्यांना रोजचा असावा. म्हणाले, "कोलकाता. ते खूण टाकतच नाहीत." म्हणजे चारपैकी एका टांकसाळीचं प्रत्येक नाणं पुतण्याच्या हिशेबानं दुर्मीळ! मला इतके दिवस वाटायचं की नाणीही नाशिकलाच पडतात. नाशिकला नोटा छापतात, आमच्या मध्य प्रदेशात देवासलाही नोटाच. नाण्यांची गावं वेगळी.

मग त्यांनी १९८५ चा एक रुपया काढला, सालाशी बारीक इंग्रजी 'एच' असलेला. त्या सुमारास देशात चिल्लरीची टंचाई होती म्हणून सरकारनं नाणी बाहेरच्या टांकसाळींतून पाडून आणली. हा बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. आठ आण्याचं त्याच सालचं एक 'सी' अक्षराचं नाणं कॅनडातून, ओटावाहून आलेलं. "म्हणजे हे मौल्यवान?" मी विचारलं. "मजेचं आहे. जमवणाऱ्याच्या वहीत ह्याची एक जागा असते. ती भरेपर्यंत तो चार पैसे जास्त देईल, भरली की देणार नाही."

माझं डोकं तिथे खरं चालायला लागलं. मी समजत होते की नाणं एक तर साधं असतं नाही तर लाखाचं. मधल्या प्रचंड जागेत बहुतेक सगळी नाणी असतात: थोडी कमी सापडणारी, थोडी हवीहवीशी, दर्शनी किमतीहून थोडी जास्त. संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा एक रुपया, त्याच साली आलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, संत तुकारामांचे २००२ चे दोन रुपये, लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाचचं, ही सगळी याच मधल्या जागेतली. आमच्या घरी तुकारामांचं नाणं देव्हाऱ्यात आहे. त्याला बाजारात काय मिळतं हे कळल्यावर सासूबाईंना आनंद झाला, कारण आता ते कुणी विकायला मागणार नाही. वैष्णोदेवीची २०१२ ची पाचची आणि दहाची नाणीही अशीच खुल्या चलनातली. लाख सोडाच, त्याचे शंभर मिळाले तरी काका म्हणतात पेढे वाटा.

मग फोनवरच्या त्या जाहिराती? काकांनी समोरच्या भिंतीवरचं कात्रण दाखवलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं की आमचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणणारे, फी, कमिशन, कर अशा नावांनी पैसे उकळतात. बँकेचा या व्यवहाराशी काही संबंध नाही. आमच्या गल्लीतल्या एका मागवाल्यालाही आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे भरा असा फोन आला होता. नाणं त्याच्याकडे, लाख रुपये त्यांच्याकडे, आणि पैसे भरायचे त्यानं! ही उलटी गंगा त्याच्या बायकोच्या लगेच ध्यानात आली म्हणून वाचला.

आता सासूबाईंचा डबा. वरच चांदीचे रुपये होते, राणीछाप आणि राजाछाप, लखलखीत. काकांनी एक उचलला, उजेडात तिरपा केला आणि हळहळले. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे रुपये चिंचेनं घासायची पद्धत, घराघरात असते. काका म्हणाले, टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक उपजत झळाळी असते. नाणं हळूहळू फिरवलं की उजेडाची पट्टी त्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. एकदा घासली की ती गेली. मग उरते नुसती चकाकी. त्यांनी स्वतःचा एक काळपट, निळसर झाक आलेला रुपया काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही फिरवून दाखवले. आमचा भांड्यासारखा सगळीकडून सारखाच चमकत होता. त्यांच्या काळ्या रुपयात मात्र राजाच्या दाढीमागून उजेड सरकत गेला. जमवणारा त्या काळ्याला दुप्पट-तिप्पट देईल, आमच्या उजळ रुपयाला चांदीचा भाव. सासूबाईंना हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग लक्ष्मीपुढे काळे रुपये मांडायचे का?" यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

चांदीच्या भावातही मेख आहे. सगळे रुपये ११.६६ ग्रॅमचे, पण १९४० च्या आधीच्यांत शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. १९४० पासून युद्धामुळे ती निम्म्यावर आली. वजन तेच, राजा तोच, चांदी अर्धी. काकांनी कड दाखवली: आधीच्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा, नंतरच्याला त्या रेघांमधून फिरलेली एक खाच. मग टेबलावर टाकून दाखवलं. जुना बराच वेळ खणखणला, नंतरचा लवकर गप्प झाला. डब्यातला एक रुपया तर चुंबकाला टप्पकन चिकटला. मला वाटलं लोखंडाचा, म्हणजे नक्कीच खोटा. तो होता १९४७ चा, मागे वाघ असलेला, निकेलचा. निकेल चुंबकाला चिकटतं. म्हणजे चिकटलं की खोटं हाही नियम नाही! एकेक नियम शिकावा आणि पुढच्याच नाण्यानं तो मोडावा, असं त्या दुपारी चाललं होतं.

सालाचंही तसंच. मी १८६२ चा रुपया कौतुकानं पुढे केला; एवढा जुना डब्यात दुसरा नव्हता. पण १८६२ हे साल पुढची कित्येक वर्षं ठशावर तसंच राहिलं, त्यामुळे ते रुपये ढिगानं आहेत. कुठला कोणत्या वर्षाचा हे ओळखायला अभ्यासू माणसं त्यावरचे ठिपके मोजत बसतात. उलट १९३९ चा रुपया, वयानं कितीतरी लहान, इतका विरळ की काकांनी उभ्या हयातीत खोटेच जास्त पाहिले. लोक दुसऱ्या सालाच्या रुपयाचा आकडा कोरून ३९ करतात. १९११ च्या पंचम जॉर्जची गंमत वेगळीच: राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, बहुतेक रुपये बाजारात यायच्या आधीच अडवून वितळवले, आणि १९१२ ला हत्तीची सोंड नीट केली. भिंगातून मी पाहिला. आधी सांगितलं नसतं तर मला हत्तीही दिसला नसता.

तळाशी तांब्याचा खुर्दा होता. मधोमध भोक असलेले १९४३ ते ४७ चे पैसे. युद्धात धातू वाचवायला काढलेले. सासूबाई सांगतात, लोक ते नटाखाली वायसर म्हणून घालायचे. दोन ओबडधोबड शिवराया होत्या. पुतण्याचे डोळे चमकले, महाराजांच्या काळातल्या म्हणून. काकांनी सांगितलं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरं असलेली तांब्याची नाणी महाराजांनंतरही पेशवाईभर आणि पुढेही पडत राहिली. आमच्या नाण्यावर दोन ओळींच्या मधे जोड रेघ होती. ही दुदांडी, उत्तर पेशवाईतली. महाराजांच्या स्वतःच्या काळातली वेगळी काढायला अक्षरांची वळणं पाठ असावी लागतात, आणि सोन्याचा होन तर भलत्याच कुणाच्या डब्यात सापडत नसतो.

शेवटचं नाणं कापडात गुंडाळलेलं होतं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८. काकांनी ते वजनही न करता परत गुंडाळलं. कंपनीनं रामाचं, हनुमानाचं असं नाणं कधी पाडलंच नाही. हे जत्रेतले शिक्के, आणि त्यांच्याच जीवावर 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या चालतात. घरी हे कसं सांगावं याची धास्ती होती. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नाणं खोटं असेल. राम आहे ना त्यावर?" आणि ते देव्हाऱ्यात गेलं.

निघताना मी विचारलं, मग शिकायचं कसं? काका म्हणाले, "दुर्मीळ नाणं शोधू नका. आधी चिल्लर पाठ करा. जे रोज येतं त्याचं साल, खूण, कड, वजन डोळ्याला इतकं सवयीचं झालं पाहिजे, की वेगळं आलं तर आपोआप टोचावं." तेव्हापासून दुकान बंद करताना मी मोजण्याबरोबर बघतेही. एका रात्री टोचलं. पुतण्याला आधी, खरं म्हणजे. दोन रुपयाचं अकरा कोनांचं नाणं, एका बाजूला नेहमीचे सिंह, आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि आत खोल दबलेले, मेणात उठवल्यासारखे. काकांनी ते बराच वेळ पाहिलं, कडेवरून नख फिरवलं, वजन केलं: सहा ग्रॅम भरलं. म्हणाले, आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच छाप बसला. दोन नाणी घासून चिकटवणारेही असतात, म्हणून कड आणि वजन आधी. हे खरं निघालं. त्यांनी दिलेली रक्कम मी इथे लिहीत नाही, नाही तर सगळं बहादरपूर गल्ले उपडे करील. पण पुतण्याचा एक बूट आला; दुसऱ्याचे पैसे मला घालावे लागले.

आमच्या गावाला या वेडाचं एक जुनं कारणही आहे. इतिहासात ज्याला बहादूरपुरा म्हणतात ते मोगली बुऱ्हाणपूरचं धनवान उपनगर, म्हणजे आमचं गाव. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या राजवटीत मराठी फौजा इथे येऊन गेल्या. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, पुढे शिंद्यांच्या काळातही रुपये इथे पडत, नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला तेव्हा ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहोर काढली. एवढं ऐकून कुणाला वाटणार नाही की पायाखाली काहीतरी असेल? फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला, त्यात बुऱ्हाणपूर आलं, आणि मार्चमध्ये असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, फावडी, चाळण्या, काहीजण तर मेटल डिटेक्टर घेऊन माती उकरायला लागले. रस्त्याच्या कामाची माती तिथे टाकली होती, तीत सोन्याची नाणी आहेत अशी हूल उठली होती. पोलीस आले, खोदाई थांबली, वर्तमानपत्रांत फोटो आले. आमच्या दुकानात दोन दिवस टॉर्चचे सेल शिल्लक नव्हते.

त्या दिवसांत मी काकांकडे बसले होते तेव्हा तिकडचा एक पोरगा आला. रुमालात मातीनं माखलेली, सुपारीएवढी जाड चकती. काकांनी हात मागे घेतले, पण भिंगातून वाकून पाहिली आणि मला दाखवली. हातानं पाडलेलं नाणं. ठसा चकतीहून मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा एक तुकडाच चकतीवर बसे आणि बाकीचा बाहेर जाई. 'जर्ब' या अक्षरांपुढे टांकसाळीच्या गावाचं नाव यायचं, नेमकं तिथेच या नाण्याची कड संपली होती. सुरतेचं की बुऱ्हाणपूरचं, त्यावर पुष्कळ अवलंबून; औरंगजेबाचे सुरतेचे रुपये जिथे जाल तिथे मिळतात.

"पण हे मी घेणार नाही," काका म्हणाले. "जमिनीतून निघालं ना? १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांवरचं काहीही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. तिथे नेऊन दे."

पोरानं रुमालाची गाठ मारली. "तिथे दिलं तर काय मिळेल?"

"पावती माग," काका म्हणाले. "आणि घासू नकोस."

पोरगा जिना उतरून कुठल्या बाजूला वळला ते आम्हाला खिडकीतून दिसलं नाही.